शिंगाची मूठ

अर्नॉल्ड ब्रूमहेडनं तीन चाकू मांडले
फाटक्या टॉवेलवर, दाताच्या डॉक्टरासारखे.
घाई नाही, म्हणाला. हातात घे. हात सांगेल.

शेफील्डात जन्मले, साठी उलटली,
आणि घडीचा चाकू घ्यायला पहिल्यांदाच आलेय
हे त्याला सांगायची लाज वाटली.
या गावात ते म्हणजे
नदीकाठी राहून पाय ओले न केल्यासारखं.

पहिला फार गुळगुळीत. दुसरा माझ्या पंज्याला मोठा.
तिसऱ्याच्या मुठीवर सालीसारख्या खरबरीत रेघा,
तपकिरी, कडेला दुधाच्या सायीचा रंग,
आणि अंगठा टेकतो नेमका तिथं एक खळगा.
हा मी नाही केला, म्हणाला. ही जनावराची चूक.

कुठलं जनावर?
सांबर.
शब्द त्याच्या कवळीत नीट बसेना.
हिंदुस्थानातलं. बापाच्या वेळी पोत्यांनी यायची शिंगं.
आता बंद. ही शेवटची पेटी.
मारून?
छे. गळतात ती, दरसाल. रानात पडलेली वेचायची.

नखानं खाच धरून पातं उघडलं.
अर्ध्यावर ते थबकलं, मग खट्.
मिटवलं. पुन्हा खट्.
दाराची कडी ओळखीची असावी तसा आवाज.
एकशे चाळीस पौंड मोजले, दोनदा.

बसमध्ये डोक्यात तेच:
ज्याचं नाव मला म्हणता यायचं नाही अशा उन्हाच्या रानात
एका सकाळी एका जनावराचं डोकं
एका बाजूनं हलकं झालं.
दोन पावलं ते तिरकं चाललं असेल.
मग चरायला लागलं असेल.

आई बफिंगच्या कारखान्यात होती.
डोक्याला लाल फडकं, पायांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं,
चौदाव्या वर्षापासून चाकाशी उभी.
किती चमचे, किती काटे, किती पाती
तिच्या हातून उजळून गेली दुसऱ्यांच्या टेबलांवर.
आमच्या घरात एकच काटा होता तिथला,
एक दात वाकडा, म्हणून मिळालेला.
चाकू कुणी फुकट दिला तर पेनी द्यायची हातावर,
नाहीतर मैत्री तुटते, म्हणायची.
तिला कुणी दिलाच नाही. पेनी वाचली.

मी माझा मलाच दिला होता.
मग पेनी कुणी कुणाला द्यायची?
बसमध्येच डाव्या खिशातून काढली, उजव्यात टाकली.
समोरची बाई खिडकीबाहेर बघू लागली.

पहिल्या सफरचंदानं पात्याची लकाकी गेली.
दुसऱ्यानं निळसर ढग धरला.
आता त्यावर सगळं लिहिलेलं आहे:
सुतळी, कांदा, बियांची पाकिटं,
सिरिलच्या अंगठ्यातलं कूस
(ओरडला पुष्कळ. वर म्हणाला, बायकांनी असलं बाळगू नये.
मी आणखी एकदा खट् करून दाखवलं.)

ऑक्टोबरात हरवला.
तीन दिवस कोटाचं अस्तर चाचपत होते.
सापडला बटाट्याच्या वाफ्यात, पावसात भिजलेला,
आणि मातीत पडलेलं ते शिंग
इतकं आपल्या जागी दिसत होतं
की उचलायला वाकले ती तशीच थांबले थोडी.

राख लावली, तेल लावलं, रात्रभर घासला.
गंज निघाला. एक डाग नाही निघाला,
टोकाजवळ, मसुराएवढा.
अर्नॉल्डकडे नेला तर चाकावर धरेल, क्षणात जाईल.
नेला नाही.

नाशपातीच्या फोडीला त्याची चव लागते,
किंचित, लोखंडाची.
कामावरून आल्यावर आई कुशीत घ्यायची,
फडकं सोडायच्या आधीच,
तेव्हा तिच्या कपाळाला लागायची तशी.